ठोका, लय आणि जोखीम

भीती वाटली की मराठी माणूस छातीवर हात ठेवतो, आणि आपली भाषाही नेमके तिथेच बोट ठेवते. छातीत धस्स होते, धडकी भरते, काळजात चर्र होते, काळजाचे पाणी पाणी होते. या सगळ्यांत शरीरशास्त्राच्या सर्वांत जवळ जाणारा वाक्प्रचार म्हणजे 'काळजाचा ठोका चुकणे'. कितीतरी रुग्ण डॉक्टरांना आपली तक्रार याच शब्दांत सांगतात आणि ईसीजीच्या कागदावर ती तशीच उमटलेली दिसते. एखादा ठोका वेळेआधी पडतो. तोवर हृदयात पुरेसे रक्त भरलेले नसते, त्यामुळे तो मनगटाला जाणवतही नाही. मग लांब विराम येतो. त्या विरामात हृदय नेहमीपेक्षा अधिक भरते आणि पुढचा ठोका जोरात बसतो. 'धस्स' होते ते या मागून आलेल्या ठोक्याने. निरोगी हृदयात असे अधूनमधून झाले तर घाबरण्याचे कारण नसते. पण काही हृदयांत असाच एक अवेळी ठोका प्राणघातक गोंधळाची सुरुवात ठरतो. कोणता ठोका निरुपद्रवी आणि कोणता घातक, हे आधी ओळखता येईल का, या प्रश्नामागे वैद्यक शतकानुशतके लागले आहे. त्या शोधाच्या खुणा शब्दांत राहून गेल्या आहेत.

आधी 'काळीज' पाहू. संस्कृत 'कालेय', प्राकृत 'कालिज्ज' आणि मराठी 'काळीज' अशी ही वाट. 'कालेय' म्हणजे यकृत. मटणाच्या दुकानात 'कलेजी' मागितली तर आजही यकृतच मिळते. भाषेने भावनेचे घर यकृतातून हृदयात हलवले, नाव मात्र जुनेच ठेवले. याच काळजातून 'काळजी' हा शब्द आला. 'हृदय' त्याहून जुने. वेदांतला 'हृद्', ग्रीक 'कार्डिया', लॅटिन 'कोर' आणि इंग्रजी 'हार्ट' हे सगळे एकाच कुळातले मानले जातात. म्हणजे 'कार्डिओग्राम' हा परका वाटणारा शब्द आपल्या 'हृदया'चा लांबचा भाऊबंदच आहे.

'नाडी'चा मूळ अर्थ नळी. 'नड' किंवा 'नल' म्हणजे बोरू, पोकळ वेत. शरीरातल्या पोकळ वाहिनीला नाडी म्हटले आणि पुढे त्या वाहिनीच्या स्पंदनालाही तेच नाव मिळाले. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात नाडीच्या गती प्राण्यांच्या चालीवरून सांगितल्या आहेत: वाताची सापासारखी वा जळवेसारखी, पित्ताची कावळ्या-बेडकासारखी, कफाची हंसासारखी. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातले सर्वांत महत्त्वाचे विधान वेगळे आहे. थांबून थांबून चालणारी नाडी प्राण घेणारी असते, असे तिथे सांगितले आहे. हातात तीन बोटांखेरीज कोणतेही साधन नसताना वैद्याने अनियमित ठोक्यांचा मृत्यूशी संबंध जोडला होता. बोटांना एक मर्यादा मात्र होती. ठोका पडला की नाही, जोरात पडला की हळू, एवढेच त्यांना कळे. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदयात काय चालते, हे बोटांना कळणे शक्य नव्हते.

ते कळण्यासाठी ठोका कागदावर उतरावा लागला. लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी 1887 मध्ये माणसाच्या हृदयाची विद्युत हालचाल छाती न उघडता नोंदवून दाखवली. मग आले विलेम आइनथोव्हेन. जन्म 1860 चा, जावा बेटावरच्या समारंग गावचा, कर्मभूमी हॉलंडमधले लायडन. हृदयाची वीज टिपणारे त्यांचे तारेचे गॅल्व्हनोमीटर पावणेतीनशे किलोंच्या आसपास वजनाचे होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. रुग्ण हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. 1924 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ईसीजी म्हणजे 'इलेक्ट्रोकार्डिओग्राम'. या लांबलचक शब्दातला पहिला तुकडा ग्रीक 'इलेक्ट्रॉन' म्हणजे अंबर या पिवळ्या राळेचा आहे. ती घासली की हलक्या वस्तू ओढून घेते, म्हणून विजेला तिचे नाव मिळाले. शेवटचा तुकडा 'ग्राम' म्हणजे लिहिलेले. त्याचा मूळ धातू कोरणे, ओरखडणे या अर्थाचा. आपला 'आलेख' ज्या 'लिख्' धातूपासून आला, त्याचाही जुना अर्थ ओरखडणे हाच. दोन्ही भाषांत लिहिण्याची सुरुवात ओरखड्याने झाली. म्हणून 'हृदयालेख' हा मराठी पर्याय मला मनापासून आवडतो. बोलताना मात्र आपण 'ईसीजी काढला' म्हणतो, जसा फोटो काढतो, एक्स-रे काढतो.

त्या ओरखड्यांना नावे देताना आइनथोव्हेन यांनी पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे घेतली. ए, बी, सी, डी का नाही? आधीच्या उपकरणाच्या आळशी रेघेवर त्यांनी तीच अक्षरे लिहिली होती. गणिताने ती रेघ दुरुस्त केल्यावर जी खरी वक्ररेषा मिळाली तिच्यासाठी वेगळी अक्षरे हवी होती. ती पी पासूनच का सुरू केली, याचे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण फ्रेंच गणिती देकार्त यांच्याकडे बोट दाखवते. वक्ररेषेवरच्या बिंदूंना पी पासून नावे देण्याची त्यांची रीत गणितात रुळलेली होती. पी म्हणजे वरच्या कप्प्यांचे स्पंदन, क्यूआरएस म्हणजे खालच्या कप्प्यांचे आणि टी म्हणजे खालच्या कप्प्यांनी पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा सज्ज होणे. जीवघेण्या धोक्याच्या बऱ्याचशा खुणा या शेवटच्या टप्प्यात, टी च्या आगेमागे सापडतात.

हे नीट समजण्यासाठी 'रिदम' आणि 'लय' या दोन शब्दांकडे पाहावे लागते. ठोक्यांच्या बिघाडाला इंग्रजीत 'अऱ्हिदमिया' म्हणतात, म्हणजे रिदम नसणे. ग्रीक 'ऱ्हुथमॉस'चे नाते पूर्वापार वाहणे या अर्थाच्या धातूशी लावले जाते आणि तो धातू आपल्या 'स्रवणे', 'स्रोत' यांचा सगोत्र आहे. एमिल बेनव्हेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने या शब्दाचे प्राचीन दाखले तपासले तेव्हा त्यांना वेगळेच आढळले. जुन्या ग्रीक विचारवंतांच्या लेखनात हा शब्द 'आकार' या अर्थाने येतो. एका अक्षराचा आकार दुसऱ्यापेक्षा वेगळा कसा, हे सांगायलाही तो वापरला आहे. मापाने बांधलेली गती हा अर्थ प्लेटोच्या काळी पक्का झाला. ईसीजी वाचणारा डॉक्टर आजही या दोन्ही अर्थांनी रिदम पाहतो: ठोके वेळेवर पडतात का, आणि लाटांचा आकार कसा आहे.

आपली 'लय' याहून खोल जाते. 'ली' म्हणजे चिकटणे, विरघळणे, सामावून जाणे. म्हणून संगीतातली लयही लय आणि विनाशही लयच. 'प्रलय' त्याच घरातला. संगीतरत्नाकरात शार्ङ्गदेवांनी लयीची व्याख्या केली आहे ती दोन क्रियांमधली विश्रांती अशी. टाळी म्हणजे लय नाही, दोन टाळ्यांमधला विसावा म्हणजे लय. हृदयालाही ही व्याख्या तंतोतंत लागू पडते. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना आपले विद्युत संतुलन पुन्हा मिळवावे लागते. हा विसावा नीट झाला नाही, कुठे लवकर संपला आणि कुठे रेंगाळला, तर अवेळी आलेला एखादा ठोका त्या विस्कळीतपणात सापडतो आणि सगळेच कोसळते.

त्या कोसळण्याचे नाव फिब्रिलेशन. लॅटिन 'फिब्रा' म्हणजे तंतू, 'फिब्रिला' म्हणजे बारीक तंतू. स्नायूचा तंतू न् तंतू आपापल्या तालावर थरथरतो आणि सगळे मिळून रक्ताचा एक थेंबही पुढे ढकलत नाहीत. खालच्या कप्प्यांत हे झाले तर माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो आणि मदत मिळाली नाही तर काही मिनिटांत दगावतो. शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन मॅकविल्यम यांनी 1889 मध्येच लिहून ठेवले होते की माणसांच्या आकस्मिक मृत्यूमागे हे थरथरणे असू शकते. त्यांच्या म्हणण्याकडे पुढे कित्येक वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

आपल्या वर्तमानपत्रांच्या एका सवयीविषयी इथे बोलायलाच हवे. पंचविशीतला मुलगा मैदानावर कोसळला, की बातमीत छापून येते: 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन'. झटका, म्हणजे हार्ट अटॅक, हा रक्तवाहिनी बंद पडण्याचा आजार. हृदय अचानक थांबणे, म्हणजे कार्डिअॅक अरेस्ट, हे बहुतेक वेळा विजेच्या बिघाडाने होते. झटक्यातून तो बिघाड उद्भवू शकतो, पण रक्तवाहिन्या पूर्ण स्वच्छ असलेल्या तरुणालाही तो होऊ शकतो. दोन्हींना एकच शब्द लावल्याने मोठे नुकसान होते. 'झटका' म्हटले की घरचे तेल-तूप, कोलेस्टेरॉल, ताण यांवर बोट ठेवून गप्प बसतात. तोच विद्युतदोष धाकट्या बहिणीतही असू शकेल, तिचा ईसीजी काढायला हवा, हे कुणाच्या मनातही येत नाही. नेमका शब्द वापरला असता तर निदान तो प्रश्न तरी विचारला गेला असता.

असे विद्युतदोष टिपणाऱ्या ईसीजीच्या खुणांमध्ये सर्वांत परिचित आहे क्यूटी. क्यू पासून टी संपेपर्यंतचा काळ, म्हणजे खालच्या कप्प्यांचे आकुंचन आणि विसावा मिळून लागणारा वेळ. ठोके जलद असले की तो आपोआप कमी होतो, म्हणून 1920 मध्ये बॅझेट यांनी तो दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या वर्गमुळाने भागायची रीत दिली. त्या दुरुस्त मापाला क्यूटीसी म्हणतात. पुरुषांत साधारण 450 आणि स्त्रियांत 460 मिलिसेकंदांपर्यंत ते ठीक समजतात. 500 च्या वर गेले की डॉक्टर सावध होतात. ईसीजीच्या कागदावर एक बारीक चौकोन 40 मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे ठीक आणि धोका यांच्यात जेमतेम एका चौकोनाचे अंतर आहे.

1957 मध्ये नॉर्वेत जर्वेल आणि लांगे-निल्सन यांनी एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलांपैकी चौघांना जन्मतः ऐकू येत नव्हते. ती वारंवार बेशुद्ध पडत आणि त्यांतली तिघे अचानक दगावली. त्यांच्या ईसीजीत क्यूटी लांबलेला होता. पुढे 1963 मध्ये इटलीत रोमानो आणि 1964 मध्ये आयर्लंडमध्ये वॉर्ड यांनी ऐकू येणाऱ्या मुलांतही हाच दोष दाखवला. अशा मुलांना पुष्कळदा फिट येतात असे समजून मिरगीची औषधे दिली गेली आहेत. या दोषाच्या एका प्रकारात पोहताना जीव धोक्यात येतो, दुसऱ्या प्रकारात गजराच्या वा फोनच्या अचानक आवाजाने.

लांबलेल्या क्यूटीतून जो विशिष्ट घातक ताल उद्भवतो त्याला फ्रेंच नाव आहे: 'तोर्साद द प्वांत'. 1966 मध्ये पॅरिसच्या फ्रान्स्वा देसेर्तेन यांनी एका ऐंशी वर्षांच्या बाईंच्या ईसीजीवरून हे नाव दिले. 'तोर्साद' म्हणजे पीळ दिलेली दोरी, पडद्याला लावतात तसा गोंडेदार पीळ. 'प्वांत' म्हणजे टोके. लाटांची टोके रेघेभोवती वळत जातात, कधी वर तर कधी खाली. मराठीत याला 'पीळ' म्हटले तर ते त्या चित्राशी इमान राखील. हा पीळ जन्मजात दोषानेच पडतो असे नाही. रक्तातले पोटॅशियम घटले तरी पडतो आणि औषधांनीही पडतो. अॅलर्जीवरचे टर्फेनॅडीन आणि जठराच्या तक्रारींवरचे सिसाप्राइड ही एकेकाळी खूप खपणारी औषधे याच कारणाने अनेक देशांच्या बाजारातून गेली. काही अँटिबायोटिक, बुरशीवरची काही औषधे, मनोविकारांवरची काही औषधे क्यूटी लांबवतात. एकेकटी ती सहसा चालून जातात, दोन-तीन एकत्र आली की काळजी घ्यावी लागते.

दुसरी खूण आली पूर्वेकडून, तीही लोकभाषेतून. फिलिपिन्समध्ये 'बांगुंगोत' हा शब्द आहे: तगालोग भाषेतल्या 'उठणे' आणि 'कण्हणे' यांपासून बनलेला. धडधाकट पुरुष रात्री झोपेत कण्हतो आणि सकाळी उठतच नाही. थायलंडमध्ये यालाच 'लाइ ताइ' म्हणतात. जपानीत 'पोक्कुरी', काडकन मोडल्यासारखे अचानक या अर्थाचा शब्द. ईशान्य थायलंडमध्ये विधवेचे भूत पुरुषांना नेते असे मानून काही पुरुष बायकांचे कपडे घालून झोपत. 1992 मध्ये पेद्रो आणि जोसेप ब्रुगाडा या भावांनी आठ रुग्णांचे ईसीजी प्रसिद्ध केले. छातीच्या उजव्या बाजूच्या लीडमध्ये, म्हणजे तिथे लावलेल्या तारांच्या नोंदीत, रेघ एका खास आकारात वर उचललेली होती आणि या सगळ्यांचे हृदय एकदा तरी थांबून पुन्हा सुरू झालेले होते. पुढच्या दहा वर्षांत स्पष्ट झाले की 'लाइ ताइ'चे बरेच बळी याच आजाराचे होते. भुताचे नाव ब्रुगाडा निघाले. गावोगावच्या लोकांनी मृत्यूचा नमुना अचूक टिपला होता. कारण सांगायला त्यांच्याजवळ आलेख नव्हता.

ब्रुगाडाची खूण लपंडाव खेळते. आज दिसते, उद्या नाही. म्हणून ती बाहेर काढण्यासाठी खास ईसीजी काढतात. लीड नेहमीपेक्षा एक-दोन बरगड्या वर लावतात आणि शिरेतून सावकाश अजमलीन हे औषध देत रेघ पाहतात. शॉक देण्याचे यंत्र शेजारी सज्ज ठेवूनच ही चाचणी होते. अजमलीन न मिळाल्यास त्याच जातीची दुसरी औषधे वापरतात. या औषधाचे नाव आपल्या मातीतले आहे. सलीमुझ्झमाँ सिद्दीकी यांनी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सर्पगंधेच्या मुळ्यांतून हे द्रव्य वेगळे केले आणि 1931 मध्ये त्याला त्या कॉलेजच्या संस्थापकांचे, हकीम अजमल खान यांचे नाव दिले. हकीमसाहेब तेव्हा हयात नव्हते. याच सर्पगंधेवर मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये रक्तदाबासंबंधी लेख लिहिला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. म्हणजे स्पॅनिश भावांच्या नावाचा आजार ओळखण्यासाठी युरोपातल्या इस्पितळात जे औषध टोचतात, त्याच्या नावात दिल्लीचा एक हकीम आहे.

आणखीही काही खास आलेख आहेत. 'होल्टर लावला' असे आपण सहज म्हणतो; त्यामागे अमेरिकेतल्या माँटाना राज्याच्या हेलेना गावचे नॉर्मन होल्टर आहेत. त्यांचे पहिले उपकरण पाठीवर वाहायचे 38 किलोंचे ओझे होते. आता ते खिशात मावते. शेकडो ठोक्यांची सरासरी काढून, हृदयविकाराच्या झटक्यानंतर उरलेल्या व्रणातून रेंगाळत येणारे सूक्ष्म विद्युतस्पंदन टिपणारा ईसीजी सायमसन यांनी 1981 मध्ये मांडला. एकाआड एक ठोक्यात टी लाटेची उंची मायक्रोव्होल्टने बदलते का, हे पाहणारी चाचणी 'ऑल्टर्नन्स' नावाने ओळखली जाते. लॅटिन 'आल्तेर' म्हणजे दोहोंपैकी दुसरा. उजव्या कप्प्याचा स्नायू झिजून जिथे चरबी साठते, तिथे क्यूआरएसच्या शेवटी एक बारीक खाच दिसते. फोंतेन यांनी तिला 'एप्सिलॉन' म्हटले, कारण ग्रीक वर्णमालेत ते अक्षर डेल्टानंतर येते आणि 'डेल्टा' लाट ईसीजीत आधीच होती. शिवाय गणितात एप्सिलॉन म्हणजे अत्यंत लहान राशी.

एवढे असूनही कोणताही एक आलेख 'हा माणूस वाचेल' किंवा 'जाईल' असे सांगत नाही. छातीत शॉक देणारे यंत्र बसवायचे की नाही, हे ठरवताना झटक्यानंतरच्या रुग्णांत आजही मुख्यतः हृदयाची रक्त पंप करण्याची ताकद पाहतात. आलेख सांगतो ती जोखीम. आणि हाच शब्द आपण आज फार उथळपणे वापरतो.

जोखीम म्हणजे धोका, असे आपण धरून चालतो. जुन्या मराठीत जोखीम म्हणजे मौल्यवान ऐवजही. 'अंगावर जोखीम आहे, रात्रीचे जाऊ नका' असे म्हणत तेव्हा अंगावरचे दागिने अभिप्रेत असत. दुसऱ्याची जोखीम सांभाळणे म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव जपणे. भारतीय भाषांचे अभ्यासक या शब्दाचे मूळ संस्कृत 'योगक्षेम' या शब्दात दाखवतात. योग म्हणजे नसलेले मिळवणे, क्षेम म्हणजे असलेले राखणे. ज्याच्याजवळ काही राखण्यासारखे आहे त्यालाच जोखीम असते. रिपोर्टवर 'हाय रिस्क' वाचून माणसे हबकतात, कागद दडवून ठेवतात, लग्नाच्या बोलण्यात तो कुणाला कळू नये म्हणून धडपडतात. त्यांनी त्या शब्दाचा जुना अर्थ ऐकावा: ही शिक्षा नाही, जपायची ठेव आहे. ती जपण्याचे मार्गही आज आहेत. बीटा ब्लॉकर गोळ्या, टाळायच्या औषधांची यादी, ताप आला तर लगेच उतरवणे, गरज पडल्यास यंत्र.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. तुमच्या घरात कोणी तरुण वयात झोपेत, धावताना किंवा पोहताना अचानक गेले असेल, कोणी मूल खेळताना किंवा दचकून बेशुद्ध पडत असेल, तर 'नशीब' म्हणून सोडून देऊ नका. जवळच्या सगळ्या रक्ताच्या नातेवाइकांचा ईसीजी काढून घ्या आणि तो हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. जुन्या ईसीजीच्या पट्ट्या फेकू नका. नव्याशी ताडून पाहायला त्यांच्याइतके मोलाचे काही नसते. नवे औषध लिहून घेताना चालू असलेली सगळी औषधे डॉक्टरांना सांगा आणि क्यूटी पाहायला हवा का, हे विचारा. चालू औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.